तारेवरच्या चुंबकीय बलाची दिशा: हात उचलण्याआधी दोन बाण काढा

चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवलेली तार फळ्यावर काढली की वर्गात मनगटं फिरायला लागतात. कुणाचा डावा हात वर असतो, कुणाचा उजवा. कुणी बाकावर वाकून कोपर उचलतं, कुणी शेजारच्याचा अंगठा बघून आपला वळवून घेतं. तारेवरच्या चुंबकीय बलाची दिशा सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम बहुतेकांना शब्दन् शब्द पाठ असतो, तरीही बरीच उत्तरं उलटी येतात. हे वर्षानुवर्षं बघून माझं मत पक्कं झालंय की चूक बोटांत नसते, ती हात उचलण्याच्या आधीच झालेली असते. धारा (तारेतली वीज) नेमकी कुठून कुठे वाहतेय आणि चुंबकीय क्षेत्र नेमकं कुठून कुठे जातंय, हे कागदावर ठरवलेलंच नसतं. मग बोटं आकृतीतला जो बाण आधी दिसेल त्याच्यामागे जातात.

म्हणून या लेखात हाताचा नियम चौथ्या पायरीला येईल. आधीच्या तीन पायऱ्या कागदावरच्या आहेत. त्या नीट केल्या तर चौथीत चुकायला फारशी जागा उरत नाही.

बल आडवं का लागतं

दिशा शोधण्याआधी या बलाचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण तो आपल्या सवयीच्या उलट आहे. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, चुंबक खिळ्याला स्वतःकडे खेचतो. बल म्हणजे कशाच्या तरी दिशेनं ओढणं किंवा कशापासून तरी दूर ढकलणं, अशी आपली कल्पना असते. १८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स ओर्स्टेड यांना विजेच्या तारेजवळची होकायंत्राची सुई वळताना दिसली. ती तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून दूरही गेली नाही. ती तारेला आडवी होऊ पाहत होती. त्या काळच्या वैज्ञानिकांनाही हे पचायला जड गेलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१ मध्ये, लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात मधोमध चुंबक उभा केला आणि वरून एक तार अशी लोंबत सोडली की तिचं टोक पाऱ्यात बुडेल. तारेतून वीज सोडली आणि तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. बल चुंबकाच्या दिशेनं असतं तर तार त्याला जाऊन चिकटली असती. ती फिरत राहिली, कारण प्रत्येक क्षणी बल तिला बाजूला ढकलत होतं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आपण ज्या नियमाची घोकंपट्टी करतो तो तिथे डोळ्यांना दिसतो.

तर स्वभाव असा: तारेवरचं चुंबकीय बल धारेलाही लंब असतं आणि क्षेत्रालाही. ते तारेच्या दिशेनं कधीच नसतं, चुंबकीय बलरेषेच्या दिशेनंही कधीच नसतं. हे एक वाक्य मनात बसलं तरी बहुपर्यायी प्रश्नातले दोन पर्याय हात न उचलता खोडता येतात.

पायरी १: धारेचा बाण

तारेवर एक बाण काढा आणि त्याच्याजवळ 'धारा' असं लिहा. आकृतीत घट दाखवला असेल तर त्याच्या धन टोकापासून निघा, बाहेरच्या मंडलातून फिरत ऋण टोकापर्यंत या. वाटेत आपली तार ज्या दिशेनं ओलांडाल ती धारेची दिशा. घटाच्या चिन्हात लांब रेघ धन आणि आखूड रेघ ऋण असते.

इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात याच्या उलट धावतात हे खरं आहे. पण धारेची रूढ दिशा धन टोकाकडून ऋण टोकाकडे अशी धरलेली आहे आणि सगळे हाताचे नियम त्याच दिशेवर बेतलेले आहेत. प्रश्नात 'इलेक्ट्रॉन उत्तरेकडे जात आहे' असं म्हटलं असेल, तर धारेचा बाण तिथल्या तिथे दक्षिणेकडे काढा. हे उलटं करणं 'शेवटी करू' म्हणून ठेवलं की ते राहून जातं, किंवा दोनदा केलं जातं.

पायरी २: क्षेत्राचा बाण

आता दुसरा बाण, शक्यतो वेगळ्या रंगानं. चुंबकाच्या बाहेर क्षेत्र उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातं. दोन चुंबक समोरासमोर असतील तर एकाच्या उत्तर ध्रुवाकडून दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाकडे सरळ रेघ ओढा. पुष्कळ जण 'उत्तर' हा शब्द वाचून बाण कागदावर वरच्या बाजूला काढतात. नकाशातली उत्तर आणि चुंबकाचा उत्तर ध्रुव यांची इथे गल्लत होते.

कागदाला लंब असलेलं क्षेत्र टिंबांनी किंवा फुल्यांनी दाखवतात. धनुष्यातून सुटलेला बाण तुमच्याकडे येत असेल तर त्याचं टोकदार अग्र दिसतं, ते टिंब. तो तुमच्यापासून दूर जात असेल तर मागची पिसं दिसतात, ती फुली. म्हणजे टिंब असेल तर क्षेत्र कागदातून बाहेर आपल्याकडे, फुली असेल तर कागदाच्या आत. तारेच्या धारेसाठीही हीच खूण वापरतात. एकाच आकृतीत दोन्ही आली तर कोणतं टिंब धारेचं आणि कोणतं क्षेत्राचं, हे शब्दांत लिहून ठेवा.

आणखी एक काळजी: क्षेत्र म्हणजे बाहेरून लावलेलं क्षेत्र. तारेचं स्वतःचं गोलाकार क्षेत्र या बाणात धरायचं नाही. तार स्वतःलाच ढकलत नाही.

पायरी ३: बल कोणत्या रेषेवर आहे ते ठरवा

ही पायरी पुस्तकात बहुधा नसते, पण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी हीच आहे. दोन बाण समोर आहेत. दोघांनाही लंब अशी रेषा एकच असते. ती कोणती?

दोन्ही बाण कागदावर सपाट पडलेले असतील तर बल कागदाच्या आत किंवा बाहेर. एक बाण कागदावर वर-खाली आणि दुसरा कागदाच्या आत-बाहेर असेल तर बल डावी-उजवीकडे. एक डावी-उजवीकडे आणि दुसरा आत-बाहेर असेल तर बल वर-खाली. रेषा मिळाली की फक्त दोन शक्यता उरतात आणि हाताचं काम तेवढंच राहतं: या रेषेची कोणती बाजू? हातानं या रेषेबाहेरचं उत्तर दिलं तर बोटं वाकडी धरली आहेत असं समजा आणि पुन्हा करा.

दोन्ही बाण एकमेकांना समांतर निघाले तर इथेच थांबा. बल शून्य आहे, हात उचलायची गरजच नाही.

पायरी ४: डावा हात

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना लंब ताठ करा. तर्जनी क्षेत्राच्या दिशेत, मधलं बोट धारेच्या दिशेत, अंगठा दाखवेल ते बल. अंगठ्यापासून क्रमानं म्हणायचं तर बल, क्षेत्र, धारा. इंग्रजी अक्षरांवरून 'एफ, बी, आय' असंही पुष्कळ मुलं लक्षात ठेवतात. मी मुलांना असं सांगतो: अंगठ्यानं आपण टाचणी दाबतो, म्हणून अंगठा म्हणजे ढकलणं.

जॉन अँब्रोज फ्लेमिंग हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवत. विद्यार्थ्यांच्या दिशा चुकू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी ही हाताची युक्ती काढली. म्हणजे हा निसर्गाचा वेगळा नियम नाही, ही एका शिक्षकानं दिलेली खूण आहे. खूण वापरण्याचीही एक पद्धत असते, ती अशी.

आधी एक मूळ स्थिती अंगवळणी पाडा. डावा हात समोर धरा: तर्जनी समोर, अंगठा वर, मधलं बोट उजवीकडे. म्हणजे क्षेत्र समोर, धारा उजवीकडे, बल वर. या स्थितीत हात साच्यासारखा घट्ट करा. यापुढे बोटं हलवायची नाहीत, फक्त अख्खा हात फिरवायचा. पहिल्यांदा तर्जनी क्षेत्राच्या बाणावर न्या. मग ती तशीच रोवून ठेवून तिच्याभोवती मनगट गोल फिरवा, मधलं बोट धारेच्या बाणाशी जुळेपर्यंत. आता अंगठा बघा. दोन बोटं एकदम जुळवायला गेलं की बोटं वाकतात आणि काटकोन मोडतो.

मनगट पुरेसं वळत नसेल तर वही फिरवा किंवा स्वतः वळून बसा, बोटांवर जबरदस्ती नको. घरी सरावासाठी एका बटाट्यात तीन काड्या एकमेकींना लंब खोचा आणि डाव्या हाताशी ताडून त्यांना 'बल', 'क्षेत्र', 'धारा' अशा चिठ्ठ्या लावा. हा बटाटा कुठल्याही कोनात फिरतो. दोन दिवस त्याच्याशी खेळलेल्या मुलांना परीक्षेत हात वळवताना अडलेलं मी पाहिलेलं नाही.

डावखुऱ्या मुलांनी इथे जास्त जपायला हवं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा डावा हात मोकळा असतो, तो आपोआप वर येतो. डावखुऱ्याच्या डाव्या हातात पेन असतं आणि नकळत उजवा हात उचलला जातो. उत्तर बरोबर उलटं येतं. पेन खाली ठेवायचं, मगच हात वर करायचा.

पायरी ५: हात न वापरता पडताळा

हाताच्या उत्तरावर नुसता विश्वास ठेवू नका, दुसऱ्या वाटेनं तपासा. तारेभोवती धारेमुळे गोल क्षेत्र तयार होतं. त्याची दिशा उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमानं मिळते: अंगठा धारेकडे धरून मूठ वळली की बोटं क्षेत्राची दिशा सांगतात. हे गोल क्षेत्र तारेच्या एका बाजूला बाहेरच्या क्षेत्राच्या दिशेनंच जातं, तिथे दोन्ही मिळून रेषांची दाटी होते. दुसऱ्या बाजूला ते विरुद्ध जातं, तिथे रेषा विरळ होतात. तार दाटीकडून विरळ बाजूकडे ढकलली जाते.

उदाहरण घ्या. क्षेत्र कागदावर डावीकडून उजवीकडे आहे आणि तारेतली धारा कागदातून आपल्याकडे येतेय, म्हणजे टिंब. पायरी ३ नुसार बल वर किंवा खाली. हात लावा: तर्जनी उजवीकडे, मधलं बोट स्वतःकडे, अंगठा वर येतो. आता पडताळा. धारा आपल्याकडे येत असल्यामुळे तारेभोवतीचं क्षेत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. तारेच्या वरच्या बाजूला ते डावीकडे जातं, म्हणजे बाहेरच्या क्षेत्राच्या विरुद्ध. खालच्या बाजूला उजवीकडे जातं, म्हणजे सोबत. दाटी खाली, विरळ वर. तार वर जाणार. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं.

मला हा पडताळा हाताच्या नियमापेक्षा जास्त प्रिय आहे. हात 'कुठे' ते सांगतो, गर्दीचं चित्र 'का' तेही थोडंफार दाखवतं.

आणखी दोन आकृत्या

क्षेत्र फुल्यांनी दाखवलंय, म्हणजे कागदाच्या आत. धारा कागदावर खालून वर. दोघांना लंब रेषा डावी-उजवीकडची. तर्जनी समोर कागदाकडे रोखा, तळहात आकाशाकडे करा, म्हणजे मधलं बोट वर जाईल. अंगठा डावीकडे. बल डावीकडे.

दुसरी आकृती आपल्याच डोक्यावरची. समजा एक लांब तार पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलीय आणि तिच्यातून १०० अँपिअरची एकदिश धारा पूर्वेकडे वाहतेय. पृथ्वीचं क्षेत्र महाराष्ट्रात उत्तरेकडे जातं आणि थोडं जमिनीच्या आत झुकलेलं असतं. त्याचा आडवा भाग कोकण किनाऱ्यावर सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात तर ही अगदी आपली मूळ स्थिती: तर्जनी समोर, मधलं बोट उजवीकडे, अंगठा वर. म्हणजे आडव्या भागामुळे तार वर उचलली जाते. किती? क्षेत्र गुणिले धारा: मीटरमागे ०.००००३८ गुणिले १००, म्हणजे ०.००३८ न्यूटन, अर्ध्या ग्रॅमच्या वजनापेक्षाही कमी. जमिनीत शिरणाऱ्या उभ्या भागासाठी हात पुन्हा लावा: तर्जनी खाली, मधलं बोट पूर्वेला, अंगठा उत्तरेकडे. म्हणून एकूण बल वर आणि जरासं उत्तरेकडे कललेलं. क्षेत्र तिरकं असलं की असे दोन भाग करून प्रत्येकासाठी वेगळा हात लावणं सगळ्यांत सोपं जातं.

पृथ्वीचं हे क्षेत्र मोजण्याचं काम पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. शहरात विजेच्या ट्राम धावणार असं ठरल्यावर त्यांच्या धारांचं क्षेत्र मोजणीत मिसळेल ही अडचण उभी राहिली आणि चुंबकीय नोंदी अलिबागला हलवण्यात आल्या. तिथली वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेतेय. ओर्स्टेडची सुई जशी तारेमुळे हलली, तशीच इथली हलेल अशी ती भीती होती.

घरी करून बघा

नियम पाठ असणं आणि पट्टी खरंच सरकताना दिसणं यात फार अंतर आहे. लागणारं सामान: पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉइल, एक साधा दीड व्होल्टचा घट, वायरचे दोन तुकडे, चिकटपट्टी, सारख्या जाडीची दोन पुस्तकं आणि एक चपटा चुंबक. भंगारातल्या स्पीकरचं कडं चालेल.

आधी चुंबकाचा ध्रुव ओळखा. स्पीकरच्या चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन सपाट बाजूंना असतात. कडं दोऱ्यानं उभं टांगा, लोखंडी कपाट आणि खाटेपासून दूर, आणि स्थिर होऊ द्या. जी सपाट बाजू उत्तरेकडे तोंड करून थांबेल तो उत्तर ध्रुव. तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. होकायंत्र असेल तर सुईचं उत्तर टोक ज्या बाजूकडे खेचलं जातं तो चुंबकाचा दक्षिण ध्रुव. फक्त मोठा चुंबक सुईच्या फार जवळ नेऊ नका, लहान सुईचं चुंबकत्वच उलटू शकतं आणि मग ते होकायंत्र कायमचं चुकीचं सांगतं.

आता फॉइलची अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. दोन पुस्तकं सात सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि पट्टी त्यांच्यामध्ये झोळीसारखी सैल लोंबेल अशी दोन्हीकडे चिकटवा. पट्टी तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे गेलेली असावी. तिच्या खाली चुंबक ठेवा, ठिपक्याची बाजू वर. चुंबक ठेवल्यावर पट्टी जागची हलत नाही हे नीट बघून घ्या. अॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे पुढे जे होईल ते केवळ धारेमुळे.

घट जोडण्याआधी अंदाज वहीत लिहा. क्षेत्र पट्टीच्या जागी खालून वर. धारा डावीकडून उजवीकडे, म्हणजे घटाचं धन टोक डाव्या बाजूला. लंब रेषा: तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर. तर्जनी वर, मधलं बोट उजवीकडे, अंगठा स्वतःकडे. पट्टी तुमच्याकडे झेपावली पाहिजे.

मग वायर क्षणभर टेकवा आणि काढा. एका सेकंदापेक्षा जास्त नाही, कारण इतक्या कमी रोधाच्या पट्टीतून घट जवळजवळ लघुपरिपथित (शॉर्ट) होतो आणि तापतो. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा घरातला प्लग यांना या प्रयोगात हातही लावायचा नाही. निओडिमियमचे छोटे चुंबक वापरत असाल तर ते लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या जवळ येणार नाहीत हेही बघा.

पट्टी उडी का मारते याचा हिशोब करण्यासारखा आहे. लंब असताना बल म्हणजे क्षेत्र गुणिले धारा गुणिले क्षेत्रात असलेली तारेची लांबी. पट्टीजवळ ०.०५ टेस्ला, धारा १ अँपिअर आणि चुंबकावरचा भाग २ सेंटिमीटर धरला तर बल ०.००१ न्यूटन येतं. ११ मायक्रॉन जाडीच्या त्या पट्टीचं वस्तुमान जेमतेम ०.०१५ ग्रॅम, म्हणजे वजन ०.०००१५ न्यूटन. बल वजनाच्या सहा-सात पट आहे. तांब्याची जाड तार घेऊन हा प्रयोग करणारे 'काही होत नाही' म्हणून निराश होतात त्याचं कारण हेच. तिचं वजन पट्टीच्या कितीतरी पट असतं.

आता घट उलटा जोडा: पट्टी दूर जाईल. घट पूर्ववत करून चुंबक पालथा घाला: पुन्हा दूर. घट आणि चुंबक दोन्ही उलटे करा: पट्टी परत तुमच्याकडे. एक बाण उलटला की बल उलटतं, दोन्ही उलटले की तेच राहतं. ही चौथी खेळी मुलं टाळतात, पण ती नक्की करा, पुढे तिचा उपयोग आहे. शेवटी पट्टी उभी धरून चुंबकाच्या सपाट बाजूच्या बरोबर मध्यावर आणून बघा. धारा आणि क्षेत्र जवळजवळ समांतर असतात आणि पट्टी तिथे क्वचितच हलते.

तार तिरकी असेल तर

तार क्षेत्राशी काटकोनात नसेल तर बल कमी होतं. वरच्या गुणाकाराला कोनाच्या साइननं गुणायचं. ३० अंशांना बल निम्मं होतं. दिशा मात्र तशीच, दोघांनाही लंब. मधलं बोट तिरकं करण्याचा मोह टाळा. तारेच्या धारेचा जो भाग क्षेत्राला लंब आहे त्या दिशेला मधलं बोट धरा.

दोन समांतर तारा

इथे दोन्ही हात लागतात, एकामागून एक. दोन उभ्या तारा शेजारी आहेत, दोघींत धारा वरच्या दिशेनं. उजव्या तारेवरचं बल हवंय. क्षेत्र डाव्या तारेचं: उजव्या हाताचा अंगठा वर धरला की तारेच्या उजवीकडे बोटं कागदाच्या आत जातात. म्हणजे उजव्या तारेपाशी क्षेत्र आत. आता डावा हात: तर्जनी आत, मधलं बोट वर, अंगठा डावीकडे. उजवी तार डावीकडे ओढली जाते. एका दिशेच्या धारा एकमेकींना ओढतात, विरुद्ध दिशेच्या ढकलतात. हे पॅरिसमध्ये अँपिअर यांनी १८२० मध्येच दाखवलं आणि त्यांच्या नावाचं एकक बराच काळ याच बलावरून ठरत होतं: एक मीटर अंतरावरच्या दोन लांब तारांवर मीटरमागे ०.००००००२ न्यूटन बल देणारी धारा म्हणजे एक अँपिअर. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली.

दहावीत डावा, पुढे उजवा

अकरावी-बारावीत गेल्यावर सदिशांचा फुली गुणाकार (क्रॉस प्रॉडक्ट) येतो आणि शिक्षक उजवा हात वर करतात. दहावीत शिकलेलं चुकीचं होतं की काय, या शंकेनं कितीतरी मुलं, विशेषतः मराठी माध्यमातून आलेली, गप्प बसतात. दोन्ही बरोबर आहेत. उजव्या हाताची चारही बोटं धारेच्या दिशेत धरा, ती क्षेत्राच्या दिशेकडे वळवा, अंगठा बल दाखवेल. इथे बोटांना कामं वेगळी वाटलेली आहेत, म्हणून हातही वेगळा. दुसरी रीत म्हणजे उजवा तळहात: सरळ बोटं क्षेत्राकडे, अंगठा धारेकडे, तळहात ज्या बाजूला ढकलेल ते बल. मूळ स्थितीवर तपासून बघा, क्षेत्र समोर आणि धारा उजवीकडे असताना तळहात वरच ढकलतो. कोणतीही एक रीत धरा आणि तीच ठेवा. फ्लेमिंगचा उजवा हात मात्र जनित्रासाठी, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रासाठी आहे. तिथे हालचाल दिलेली असते आणि धारा शोधायची असते.

मोटर

डावीकडे उत्तर ध्रुव, उजवीकडे दक्षिण, मध्ये आडवं ठेवलेलं चौकोनी कुंतल, म्हणजे तारेचं वेटोळं. डाव्या भुजेत धारा आपल्यापासून दूर जातेय, उजव्या भुजेत आपल्याकडे येतेय. डाव्या भुजेसाठी हात लावला तर बल खाली, उजव्या भुजेसाठी वर. पुढची आणि मागची भुजा या स्थितीत क्षेत्राला समांतर आहेत, तिथे बल शून्य. त्यामुळे आपल्याकडून बघताना कुंतल घड्याळाच्या उलट फिरतं. अर्ध्या फेरीनंतर भुजांच्या जागा बदलतात, पण कुंतलाच्या टोकांना जोडलेली दुभंगलेली कडी धाराही उलटवते, म्हणून डावीकडे येणाऱ्या भुजेवर बल नेहमी खालीच राहतं.

खेळण्यातल्या मोटरला घट उलटा लावला की ती उलटी फिरते, कारण तिच्यात कायमचा चुंबक असतो आणि एकच बाण उलटतो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये बहुतेक वेळा कायमचा चुंबक नसतो. तिथलं क्षेत्रही तारेच्या वेटोळ्यांनी तयार होतं आणि तीच धारा पुढे फिरणाऱ्या भागातून जाते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे धारा सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. प्रत्येक वेळी धारेच्या बाणाबरोबर क्षेत्राचा बाणही उलटतो, म्हणजे फॉइलच्या प्रयोगातली चौथी खेळी. म्हणून मिक्सरचं पातं एकाच दिशेनं फिरत राहतं.